सासरेबुवांच्या तोंडातला मासा

हवालदारांनी त्या न्हाव्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले, तेव्हा तो एका माशाला दम देत होता.

"सोड त्याला! सोड म्हणतो ना!"

हवालदारांच्या अर्ध्या गालावर साबण तसाच वाळत होता. दम देण्यातच त्यांची सगळी नोकरी गेली होती; पण असा आरोपी त्यांनीही पाहिला नव्हता.

न्हाव्याच्या मेहुण्याचे शोभेच्या माशांचे दुकान. त्यानेच दाजींच्या सलूनला खाऱ्या पाण्याची ही टाकी भेट दिली होती. तिच्यातल्या जाड ओठांच्या, सदा रुसलेल्या मोठ्या माशाला न्हावी 'सासरेबुवा' म्हणे. बायकोला ते मुळीच खपत नसे. आज त्याच सासरेबुवांनी आ वासला होता आणि बोटभर निळा मासा अर्धा त्यांच्या तोंडात होता!

न्हाव्याने त्या बारक्या माशाला जाळीने ओढून काढले, वेगळ्या बरणीत ठेवले आणि "वाचवला बाबा एक जीव," म्हणत हवालदारांचा उरलेला गाल उरकला.

पण त्यानंतर सासरेबुवांची रयाच गेली. खाण्याला तोंड लावीनात, दगडावर अंग घाशीत बसत. बरणीतला बारकाही रोडावला. न्हाव्याचे कामात लक्ष लागेना. हवालदारांची मिशी एका बाजूने आखूड झाली.

"आधी त्या माशाला माझ्या बाबांवरून हाक मारलीत, आता जीवच घ्या त्याचा!" बायको कडाडली.

शेवटी मेहुण्याला बोलावणे गेले. सगळे ऐकून तो पोट धरून हसला.

"अहो दाजी, खात नव्हता तो त्याला! दाढी करून घेत होता. हा बारका त्याच्या अंगावरचे, तोंडातले किडे खातो. याचं पोट भरतं, त्याचं अंग साफ होतं. तुमच्याच धंद्यातला की हो!"

त्याने बारक्याला टाकीत सोडले. हवालदार दाढीसाठी खुर्चीत मान मागे टाकून बसले होते. सासरेबुवा बराच वेळ हलले नाहीत. मग हळूच त्यांनी आ वासला. बारका सरळ आत शिरला. न्हाव्याचा वस्तरा हवालदारांच्या गळ्यावर थबकला.

"तोंड मिटलं तर हो?" तो पुटपुटला.

"तुझा हात सरकला तर?" हवालदार म्हणाले. "रोजच्या माणसाला कोणी गिळत नाही. उरक!"

हल्ली न्हावी दुकान उघडले की आधी टाकीपुढे उभा राहतो. बारका कामाला लागला, की मगच हा वस्तऱ्याला हात लावतो.