बुटानं पुसलेला ठसा

तो चेंडू आत होता. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रोज सकाळी ज्यांच्याबरोबर खेळतो त्यांनाही नाही.

आमच्या क्लबातलं कोर्ट लाल मातीचं. रोज पाणी मारून, रोलर फिरवून त्यावर चुन्याच्या फक्कीनं रेघा आखतात. आमच्या स्पर्धांना पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निकाल आपणच द्यायचा, हा रिवाज. रेघेला नुसता शिवला तरी चेंडू आत. कुस्ती असती तर माझी पाठ लागलेली सगळ्या मैदानानं बघितली असती. टेनिसात मातीवर रुपयाएवढा ठसा उमटतो आणि तो जवळून दिसतो एकट्यालाच.

नऊ वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात माझ्यासमोर शिरोली एमआयडीसीतला एक कारागीर होता. फौंड्र्यांना ओतकामाच्या साच्यांसाठी लागणारे लाकडी पॅटर्न बनवायचा. क्लबात नवा, रॅकेट जुनी, सर्व्हिस बघून हसू यावं अशी. पण दुसऱ्याच गेममध्ये त्यानं माझं दुखणं ओळखलं. माझा बॅकहँड कच्चा होता. तो टाळायला मी डावीकडं सरकून फोरहँड मारायचो आणि चारचौघांत ती माझी स्टाईल म्हणून खपून जायची. त्यानं त्याच कोपऱ्यात एकेक चेंडू उंच, संथ टाकत मला बांधून घातलं. शेवटी अशी वेळ आली, की एक गुण मिळाला की सामना त्याचा. चेंडू परत त्याच कोपऱ्यात आला. मी पोचलो नाही. फक्कीची धूळ उडालेली माझ्या डोळ्यांनी बघितली.

"आऊट," मी म्हणालो. आणि सहज पाय घासावा तसा ठशावरून बूट फिरवला.

तो जाळीपाशी आला. पुसलेल्या मातीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुमच्या बाजूचा हाय, साहेब. तुमी म्हणाल ते."

त्यानंतर त्याचं लक्ष उडालं आणि सामना मी जिंकलो. त्यानं हात मिळवला. पुढच्या महिन्यापासून तो यायचा बंद झाला. कामामुळं जमत नसेल, असं कुणीतरी म्हणालं. मी मान डोलावली. कप अजून घरात शोकेसमध्ये आहे. दिवाळीला बायको तो पुसून ठेवते.

पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द मी वापरणार नाही. मला राग आला, स्वतःचा, तोही उशिरा. एका कच्च्या फटक्यापायी मी खोटं बोललो होतो. मग तो फटकाच मुळापासून शिकायचा ठरवलं आणि क्लबातल्या मार्करकडं गेलो. मार्कर म्हणजे मेंबरांना चेंडू देणारा, पोरांना शिकवणारा म्हातारा. त्यानं दहा चेंडू टाकले आणि थांबला.

"साहेब, तुमी चेंडू बघतच न्हाईसा. रेघ बघता."

त्या रेघेचं त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. त्याचं म्हणणं एवढंच, की फटका लागायच्या आधीच मी मान वर करतो.

दोन वर्षं गेली. पकड बदलली. आधी खांदा वळवायचा, मग पाय, आणि चेंडू अंगाशी यायच्या आत पुढंच गाठायचा. एका फटक्यात गुण घ्यायची हाव सोडायची. जाळीच्या हातभर वरून तिरका, खोल टाकत राहायचं आणि समोरच्याला चुकू द्यायचं. म्हणजे त्या कारागिराचीच विद्या. पन्नाशीच्या माणसाला भिंतीवर बॅकहँड घोटताना बघून लोक हसायचे. हसा म्हटलं. मी घोटत राहिलो.

आणखी एक ठरवलं. शंका आली, की चेंडू आत.

गेल्या हिवाळ्यात दुहेरीचा सामना होता. माझा जोडीदार गुळाचा व्यापारी. एक गुण गेला की आम्ही बाद, आणि चेंडू माझ्याच कोपऱ्यात आला. बाहेर जाईल वाटून मी सोडला. समोरचे दोघंसुद्धा मान खाली घालून मागं वळले होते. मी ठशाजवळ गेलो. त्याची कड रेघेला शिवली होती, केसभर. जोडीदार दबक्या आवाजात म्हणाला, ते परत निघालेत, आऊट म्हणा. मी बूट लांब ठेवला आणि मोठ्यानं "आत" म्हणालो.

गाडीपाशी आल्यावर त्यानं रॅकेट मागच्या सीटवर टाकली. मग म्हणाला, "उद्यापासनं रॅकेट कशाला आणताय? टाळ आणा की."

दुसऱ्या दिवशी चहाला त्यानं तेच ऐकवलं आणि सगळा क्लब हसला. त्यानं दुसरा जोडीदार धरला. धरू दे. ज्याला माझ्याबरोबर खेळायचंय त्यानं हे धरून खेळावं. मी बदलणार नाही.

पण ह्यानं काही फिटत नाही, तेही मला कळतं. भलत्यांना चेंडू द्यायला काय जातं? ज्याचा होता तो अजून शिरोलीतच आहे. गेल्या महिन्यात धीर करून त्याच्या शेडपुढं गाडी थांबवली. हाताला लाकडाचा भुसा लागलेला, तसाच तो बाहेर आला आणि त्यानं लगेच ओळखलं.

"या की पावणं. बॅकहँड सुधारला का न्हाय?"

तो हसत होता. म्हणजे त्या चेंडूचं त्यालाही ठाऊक होतं, नऊ वर्षं. सुधारला, म्हणालो. चहा घेतला आणि निघालो.

हे लिहिलं म्हणून देणं फिटलं असं नाही. मी त्या माणसाला तो कप आणि एक वाक्य देणं लागतो. चेंडू आत होता, हे अजून मी त्याला सांगितलेलं नाही.