सळईला पाणी

अकरावीत मी फिजिक्समध्येच आपटलो. शाळा उघडली की फेरपरीक्षा होती. त्यामुळे त्या उन्हाळ्यात विजेबद्दल मी तोंड उघडलं, की बाबांचं ठरलेलं: "आधी पास हो, मंग मले शिकव."

झालं असं, की खांबावरून घरात आलेल्या दोन तारांपैकी परतीची तार जळाली. आर्वीचा वायरमन आला. त्यानं परसात एक लोखंडी सळई ठोकली, बल्बची दुसरी तार तिला बांधली आणि "तात्पुरतं हाय" म्हणून जो गेला, तो गेलाच. बल्ब लागला. बाबा खूश!

आता यांना कोण सांगणार? वीज येते तशी तिला परत जायलाही वाट लागते. ती वाट तुटली की बल्ब बंद. आमच्याकडे परतीची वाट म्हणजे परसातली काळी माती, आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा! माती सुकली की बल्ब पिवळा पडायचा. मग रोज दिवेलागणीला आईनं सळईच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतायचं, की बल्ब पुन्हा उजळायचा. प्यायला पाणी नाही अन् सळईला बादली! मी चिडून म्हणायचो, "बाबा, हे धोक्याचं हाय. नवी तार टाका." पालथ्या घड्यावर पाणी.

"चालून राह्यलं ना? मंग काऊन हात लावाचा?"

मग आई चार दिवस माहेरी गेली आणि बादली माझ्याकडे आली. मी अनवाणी, पायाखाली चिखल. लोखंडी बादली सळईला टेकली मात्र, असा झटका बसला की बादली तिकडं अन् मी इकडं.

आई परत आल्या आल्या मी तिच्यावरच ओरडलो, "त्या सळईले करंट हाय! तुले कधी लागला नाई?"

"लागते ना. रोजच लागते थोडा. पायाले मुंग्या आल्यावानी होते."

मी डोक्याला हात लावला. "मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं त तुह्या बाबानं लाइटच काढून टाकला असता," ती म्हणाली. "तुले परीक्षा हाय ना, बापा."

मी मेन स्विच पाडला आणि सळई उपटून फेकली. बाबा नवी तार आणायला आर्वीला गेले. महिनाभर मी त्याच बल्बखाली बसून सर्किटच्या आकृत्या गिरवत होतो, आणि परतीच्या वाटेवर माझी आई अनवाणी उभी होती.