पुढे केलेला हात

ज्याला पन्नाशी उलटल्यावर घोड्याची अडीच घरे समजली, त्याने बुद्धिबळावर लिहावे हा आगाऊपणाच आहे. वाचकांनी तो पदरात घ्यावा.

कस्टम्समधल्या बदलीने मी कोलकात्यात खिदिरपूरला आलो आणि एस्प्लनेडजवळच्या एका क्लबात खेळू लागलो. तिथल्या स्पर्धेत पहिल्या चारही फेऱ्या हरलो. पाचव्या, शेवटच्या फेरीला निघताना पत्नीने शांतपणे बजावले होते, की आजही रिकाम्या हाताने आलात तर पट माळ्यावर जाईल.

समोर एक निवृत्त शिक्षक होते. सगळा क्लब त्यांना मास्टरमोशाय म्हणे. तीन तासांनी पटावर दोघांचे राजे, एकेक हत्ती आणि माझी दोन प्यादी उरली. प्यादी आता कुठे न्यावीत या विवंचनेत मी असताना मास्टरमोशायांनी घड्याळ थांबवले आणि काही न बोलता हात पुढे केला.

वडीलधाऱ्याचा हात ताटकळत ठेवू नये, हे घरचे वळण. शिवाय ते बरोबरी देऊ करत आहेत, याबद्दल मला शंकाच नव्हती. तो हात दोन्ही हातांत घेऊन मी म्हणालो, “ड्रॉ? माझी काहीच हरकत नाही.”

त्यांनी एकदा पटाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग होकारार्थी मान हलवली. अर्धा-अर्धा गुण लिहून दोघांनी निकालाच्या कागदावर सह्या केल्या.

खाली मातीच्या पेल्यातून चहा घेताना ते बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाले, “दादा, मी डाव सोडत होतो. बरोबरी तोंडाने मागतात. न बोलता हात पुढे केला, की हार कबूल. पण तुम्ही इतक्या अदबीने विचारलंत, की नाही म्हणणं बरं दिसेना.”

निकाल अजून फळ्यावर लागला नव्हता. पंचांकडे जाऊन दुरुस्ती मागू, असे तेच म्हणाले आणि उठलेही. पण आपण जिंकत होतो हे आपल्यालाच कळले नव्हते, हे पंचांसमोर सांगायचे कसे? चहा निवेल, असे काहीसे पुटपुटून मी त्यांना बसवले. ते बसले, जरा लगबगीनेच.

घरी सगळी हकिकत ऐकून पत्नी इतकेच म्हणाली, “घडीचा पट आहे. अर्धा ठेवते माळ्यावर.”

पहिला विजय अजूनही व्हायचाच आहे. तुम्ही असता, तर पंचांकडे गेला असता का?