पाहुण्यांना पाणी

माझा धाकटा भाऊ कैलास बोलायला भारी गोड. कॅम्प दोनच्या बाजारात सिंधी शेठच्या साडीच्या दुकानात कित्येक वर्षं गादीवर बसतोय. आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर याला जेवण जात नाही. डागाची साडी गठ्ठ्याच्या तळाला कशी दाबायची हे त्याला शिकवावं लागलं नाही. आणि मेल्याने घरातही तेच केलं.

त्याचा मुलगा प्रेम सोळा वर्षांचा. ऑटिझम आहे त्याला. स्वतःहून बोलतो कमी, पण ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं, त्याच आवाजात म्हणून दाखवतो. विठ्ठलवाडीच्या घरी कुणी आलं की कैलास त्याला आतल्या खोलीत पिटाळायचा. पोराने दारातून डोकावलंच, तर तिकडे हात करून हसत सांगायचा, त्याच्याकडे लक्ष देऊ नका, तो तसाच आहे. हे इतकं अंगवळणी पडलेलं की आम्हा घरच्यांना ते ऐकूसुद्धा येईनासं झालं होतं.

यंदा तेजस्वीला, म्हणजे प्रेमच्या मोठ्या बहिणीला, अंबरनाथचं स्थळ आलं. पोरगी ठसक्याची. म्हणाली, प्रेम बाहेर नसेल तर मीही पोहे घेऊन बाहेर येणार नाही. चांगलं स्थळ हातचं जाईल म्हणून कैलास आधी चिडला, मग गयावया केली, शेवटी प्रेमच्या शाळेतल्या माधवी मॅडमकडे गेला. त्या म्हणाल्या, तोंडी सांगून उपयोग नाही. पाहुण्यांना पाणी कसं द्यायचं याचा छोटा व्हिडिओ काढा आणि रोज दाखवा, तो हुबेहूब तसंच करेल. आणि नीट केलं की लगेच शाब्बास म्हणायचं, त्यात कंजुषी नको.

दुकानाच्या सुट्टीला मला बदलापूर गावातून बोलावून घेतलं, पाहुणी म्हणून. मी सोफ्यावर बसले, तेजस्वीने मोबाईल धरला, कैलास ट्रे घेऊन आला. नमस्कार, पाणी घ्या, म्हणाला. मी घेतलं. तेवढ्यात प्रेम आतल्या दारात येऊन उभा राहिला, पण कैलास काही अडखळला नाही. एका दमात काम झालं. दोनदा लावून पाहिलं, तर तिघांनाही झक्कास वाटलं. मग काय, प्रेम कानाला हेडफोन लावून उठता-बसता तेच बघायला लागला.

पाहुणे आले. मुलगा आणि त्याचे आईवडील. इस्त्रीचा शर्ट घालून प्रेम ट्रे घेऊन आला. थेंब सांडला नाही बघा. एकेकासमोर वाकून नमस्कार, पाणी घ्या. कैलास धास्तीने आतल्या दारातच उभा होता. शेवटचा ग्लास उचलला गेला, तसा प्रेमने त्या दाराकडे हात केला आणि बापाच्या आवाजात, बापासारखंच हसून म्हणाला,

"त्याच्याकडे लक्ष देऊ नका. तो तसाच आहे."

पाहुण्यांनी वळून पाहिलं. दारात कैलास. मुलाचे वडील मोठ्याने हसले, पोरगा मस्करी छान करतो म्हणाले. मला मात्र तेव्हा कळलं. ते वाक्य व्हिडिओत होतं. प्रेम दारात आला तेव्हा सवयीने कैलास बोलून गेला होता, आणि दोनदा बघूनही आम्हा तिघांच्या कानाला ते खटकलं नव्हतं.

कैलासला हसण्यावारी नेता आलं असतं. दुकानात याहून अवघड गिऱ्हाईकं त्याने फिरवलीत. पण लाजेने त्याचे कान लाल झाले होते.

"मस्करी नाही ती," तो म्हणाला. "वाक्य माझं आहे. मी म्हणतो असं. माझ्या या पोराबद्दल."

कुणी पाण्याला तोंड लावेना. प्रेम तिथेच उभा होता. त्याने सगळं बरोबर केलं होतं, एक शब्द इकडचा तिकडे नाही, आणि आता तो बापाच्या तोंडाकडे बघत थांबला होता. कैलासला वर बघवेना. त्याने पोराच्या हातातला ट्रे घेतला आणि मान खाली घालूनच म्हणाला, "शाब्बास."