भिंतीवरचा पांढरा चौकोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, ती अखेरच्या आजारात होती तेव्हासुद्धा नाही. आज तुम्हाला का सांगतो आहे — नीट माहीत नाही. वय झालं, एवढंच.

नांदेडला माझा फोटो स्टुडिओ होता. आयुष्यभर माणसं स्टुलावर बसवली. मान सरळ, हनुवटी खाली, पापणी लववू नका. मुलाच्या हाती दुकान दिलं आणि एकाएकी माणसांचा कंटाळा आला. मग बंद पडलेल्या दवाखान्यांचे फोटो काढायचा नाद लागला. गंजलेल्या खाटा, फुटक्या तावदानातून येणारं ऊन. तिथं कुणी हलत नाही, कुणी 'मी जाड दिसते' म्हणत नाही. इतकी माणसं जिथं कण्हली, तिथली शांतता — तिची ओढ कशी सांगू? की ती ओढच वाईट होती?

भोकरच्या पुढं, रस्त्यापासून आत, क्षयरोग्यांचा एक जुना दवाखाना होता. कित्येक वर्षं बंद. तिथल्या बायकांच्या वॉर्डात धुरपताबाई राहत होत्या. आजार तिथंच बरा झाला, पण घरच्यांनी परत नेलं नाही. मग तिथल्याच स्वयंपाकघरात राबल्या, आणि सगळे निघून गेल्यावरही राहिल्या. कोपऱ्यात चूल, दोरीवर लुगडं, भिंतीवर बुद्धाची तसबीर.

आणि मी — मी तिथं फोटो काढायला गेलो, आणि स्टुडिओवाल्याच्या सवयीनं समोरची अडगळ हटवू लागलो. लुगडं काढलं. वाकळ गुंडाळली. चूल पत्र्याआड दडवली. तसबीर उतरवून दाराबाहेर टेकवली. शेवटी त्यांनाच बाजूला व्हायला सांगितलं.

"आधी खोकत होते तवा लोकं उठून जायची," त्या हसल्या. "आता बरी झाले, तर तुमी मलाच ऊठ म्हणून राहिले."

मग दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "एक माझा बी काढा, भाऊ. हितं माणूस ऱ्हातंय, हे हापिसात दाखवाया लागंल. कुलूप लावायचं म्हणून राहिलेत."

"काढतो, मावशी. आधी एवढा होऊ द्या."

तो झाला. ऊन उतरलं. मी बॅग भरून निघालो.

लातूरच्या प्रदर्शनात त्या फोटोखाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं — 'इथं आता कुणीच नाही.' पहिलं बक्षीस मिळालं. फोटो पेपरात आला.

काही महिन्यांनी पुन्हा गेलो, तर दाराला सरकारी कुलूप. बाहेर बसलेला राखणदार म्हणाला, "सायेब पेपरचं कात्रण घेऊनच आलते. बाई लई सांगायली, म्या हितंच ऱ्हाते म्हणून. ते म्हनले, छापून आलंय, हितं कुणीच न्हाई."

मला फक्त कचेरीत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं — त्या खोलीत एक बाई होती, मीच तिला बाहेर काढलं. बोललो असतो तर बक्षीस खोटं ठरलं असतं. मी गेलो नाही. त्या कुठं गेल्या, हे राखणदारालासुद्धा विचारलं नाही.

फोटो अजून माझ्या बैठकीत आहे. बघणारे भिंतीवरच्या एका चौकोनापाशी थांबतात. चुलीच्या धुरानं काळवंडलेल्या भिंतीत तेवढाच पांढरा. परवा एकानं विचारलं, "काका, इथं काय होतं?"

"काही नाही," मी म्हणालो.

तसबीर होती. मी परत टांगली नाही.