वजनाआधी पाणी

आमच्या गल्लीच्या टोकाला पोरांच्या कबड्डी मंडळाची खोली आहे. मंडळ चालवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे काका म्हणतात. नवीन पोराचा बाप आला की काका भिंतीवरचे फोटो दाखवत मंडळाचा इतिहास सांगतात. विणकरांच्या पोरांची पहिली टीम, उमरेडला जिंकलेली ढाल, मातीवरून मॅटवर गेलेला खेळ. एका फोटोपाशी मात्र त्यांचं बोट न थांबता पुढे सरकतं. त्या फोटोतला पोरगा वजनगटात बसावा म्हणून भर मे महिन्यात स्वेटर घालून, पाणी न पिता धावला आणि मैदानातच कोसळून गेला. त्याला धावायला काकांनीच लावलं होतं. मी त्यांना नमस्कार करतो, पण जवळ जाऊन बसवत नाही.

परवा स्पर्धेआधी वजनकाट्यासमोर रांग होती. चढाईत सगळ्यात तेज पोराचे ओठ पांढरे पडले होते.

"काहून गा, पानी नाही पेला?" काकांनी विचारलं.

"वजन वाढंन ना, काका."

काकांनी आपली बाटली त्याच्या हातात दिली. "सगळी पी."

"बाहेर होऊन जाईन ना थो," त्याचा बाप मध्ये पडला.

"होऊ दे."

पोरगा खरंच गटाबाहेर गेला आणि टीम पहिल्याच सामन्यात हरली. बाप सगळ्यांसमोर काकांवर धावून गेला. "मंडळाचं वाटोळं करून राहिले तुम्ही."

काकांनी आपली रिकामी बाटली उचलली.

"पोराले घरी घेऊन जा गा," ते म्हणाले.