परळीचं काश्मीर

आता मला सांगा, माणसानं भरवसा ठेवावा तरी कुणावर? दोस्तावर? नातलगावर? मी म्हणायचो, फोटोवर ठेवा. 'फोटो कधी खोटं बोलत नाही' असं बीडमधल्या माझ्या स्टुडिओच्या काचेवर रंगवूनच घेतलं होतं. गेल्या साली स्वतःच्या हातानं खरवडून काढलं. का? ऐका तर. चहा निवला तर दुसरा मागवू.

मी मूळचा फोटोवाला नव्हेच. बस स्टँडवर सीताफळांचा गाडा होता माझा. शेजारच्या म्हाताऱ्या फोटोवाल्यानं धंदा मोडताना कॅमेरा माझ्या गळ्यात घातला आणि मी फोटोवाला झालो! मग रंगीत रोल आला, शिकलो. व्हिडिओ आला, शिकलो. कॉम्प्युटर आला, तोही शिकलो. मग मोबाईल आला आणि गिऱ्हाईकच फोटोवालं झालं! साठी उलटलेली, आता काय करणार? दाढीला मेंदी लावली, टोपी उलटी घातली आणि पाटी बदलली: 'सलीमभाई, प्रीवेडिंगवाले'.

पहिलं गिऱ्हाईक नेकनूरचा गणेश.

"भाई, मला काश्मीर पायजे. बर्फात फोटो. पण संध्याकाळच्या बसनं घरी पायजे."

दुसरा कुणी असता तर हात जोडले असते. मला आठवली परळी! तिथं विजेच्या कारखान्याच्या राखेचे असे पांढुरके डोंगर, की बर्फानं लाजावं. गणेशची होणारी बायको शीतल तेलगावची. ती परळीत मावशीकडं दोन दिवस राहायला आलेलीच होती. ठरलं!

ऐन उन्हाळा, अंगाची लाही लाही, पोराच्या अंगात स्वेटर, आणि मी ओरडतोय, "कुडकुडा! अजून कुडकुडा!" शीतलनं राख उधळली, गणेश फटाफट शिंकला. मी म्हटलं, "वा! सर्दी बी आली. एकदम काश्मीर!"

कॉम्प्युटरवर मागचं धुराडं पुसलं, चार देवदार उभे केले, गालांवर लाली चढवली. फोटो लग्नाच्या ग्रुपवर गेले.

दुसऱ्या दिवशी शीतलचे वडील, दगडूअण्णा, दुकानात.

"कावून नेलं माझ्या पोरीला काश्मीरला? लग्नाआधी! लग्न मोडलं म्हणून समज!"

"अण्णा, ती परळी हाय."

"परळीत बर्फ पडतंय का बे?"

"राख हाय ती."

"मंग धुराडं कुठं हाय?"

"पुसलं."

"कावून पुसलं?"

"काश्मीरात धुराडं नसतं, अण्णा!"

"बघा! सोताच म्हणतोय काश्मीर!"

मूळ फोटो दाखवावेत, तर कार्ड पुसून मी दुसऱ्या लग्नाला वापरलेलं. मावशीची साक्ष काढली, तर अण्णा म्हणाले, "ती बी सामील हाय." पोरीचं लग्न माझ्या कलाकारीपायी मोडायला निघालेलं! मी अण्णांना जीपमध्ये घातलं आणि थेट परळी गाठली.

आणि फोटोतला ढिगारा गायब!

"कुठंय तुझं काश्मीर?"

"वीटभट्टीवाल्यांनी नेलं वाटतं, अण्णा..."

अण्णांनी पायातली वहाण काढली. तेवढ्यात पलीकडच्या ढिगाऱ्यावरून वावटळ उठली. दोन मिनिटांनी बघतो तर अण्णांच्या मिशा पांढऱ्या, भुवया पांढऱ्या, माझी मेंदीची दाढीसुद्धा पांढरी! अण्णांनी बाहीवरची राख चिमटीत धरली, हुंगली आणि असे शिंकले, असे शिंकले, की हुबेहूब जावई!

"राखच हाय की बे!" वहाण परत पायात गेली. मग हळूच म्हणाले, "भाई, आलोच हावोत तर माझा बी एक काढ. देवदार घाल, धुराडं पूस."

लग्न झालं, धूमधडाक्यात. स्टेजमागं बॅनरवर जोडप्याशेजारी अण्णा, काश्मीरात, हात जोडून!

इथं थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण घरी आमची शमीम बसलेली. निकाह झाल्यापासून मी तिला काश्मीर कबूल केलेलं.

"दुनिया को काश्मीर दिखाये. मेरे को कब?" मग बारीक डोळे करून, "और परली नई चलेगी."

नेलं बाबांनो, नेलं! खरंखुरं काश्मीर. बेगम गुडघाभर बर्फात, नाक लालभडक, मागं अल्लानं स्वतः उभे केलेले देवदार. जन्मात असा फोटो काढला नव्हता मी. एक रेघ पुसली नाही, एक रंग चढवला नाही. तिनं तिथूनच सगळ्यांना पाठवला.

पहिलं उत्तर अण्णांचं: "वहिनी, आवंदा राख लई भारी पडलीय!"

मागोमाग गणेश: "भाई, धुराडं एवढं साफ कसं पुसलं? मानलं!"

शमीमनं एकदा मोबाईलकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. त्या नजरेपुढं बर्फ गरम वाटला मला!

तर दोस्तांनो, तुम्ही तरी हिशोब इमानानं ठेवा: परळीचं काश्मीर दोनदा, काश्मीरचं काश्मीर एकदा. आणि कधी घरी आलात, तर ते 'एकदा' शमीमसमोर जरा मोठ्यानं म्हणा.